किल्लारीतली भूमिका

(लातूर. सत्यशीलाबाईंचं घर, दुपारची वेळ. शनिवारी नांदेडला बाईंचा सत्कार आणि जाहीर मुलाखत आहे. ती घेणार आहे त्यांची भाची सुकन्या.)

सुकन्या : नाही मावशी, पहिला प्रश्न त्या पिक्चरचाच घ्यावा लागेल. लोक त्यासाठीच येणार.

सत्यशीला : घे की. पण दोन वाक्यांत उरक. एकोणीस वर्षांची होते, मुक्या भागीचं काम केलं, एक शब्द बोलले नाही, लोक रडले. झालं. पुढं चल.

सुकन्या : इतकं तोडून नको बोलू. लोकांची माया आहे भागीवर.

सत्यशीला : माया! पन्नास वर्षं होत आली, गंजगोलाईतली भाजीवाली अजून मला बोटं दाखवून भाव सांगते. एका कंडक्टरनं तर अपंगाच्या सवलतीत तिकीट फाडलं. म्हटलं, बाबा, पूर्ण दे, मला बोलता येतं. तर म्हणतो, इलाज कुठं केला?

सुकन्या : सासूबाईंचं पण सांग.

सत्यशीला : सासूबाई तर खूश होत्या. ही उलट बोलणार नाही म्हणून पसंत केली मला. महिन्याभरात चूक कळली त्यांना.

सुकन्या : हे असंच सांग तिथं. मग मी नाटकांवर येते. आणि शेवटी शिवप्पाकाकांनी लिहिलेल्या नाटकातली आईची कोर्टातली साक्ष. ती तू पूर्ण म्हणायची.

सत्यशीला : रोज सकाळी म्हणून बघतेय. आवाज अजून आहे गं. शिवप्पा असता तर मागच्या खुर्चीत बसून ओरडला असता, "बाई, इथवर येत नाही!" मला चिडवायला.

सुकन्या : मधलं एकच राहतंय. भूकंपानंतर तू किल्लारीला होतीस ना? तिथून एका बाईंचा फोन होता सकाळी, धुरपता म्हणून. पत्रकावरचा माझा नंबर बघून केला. लातूरला दवाखान्यात आल्यात, आता इकडंच येणार आहेत.

सत्यशीला : धुरपता? इथं?

सुकन्या : हो. विचारतात कशा, "बाईपुढं हातवारे करावे लागत्यात का, का अजून ऐकू येतंय तिला?"

सत्यशीला : तू काय म्हणालीस? मी बोलते म्हणून सांगितलंस?

सुकन्या : कुठलं? तेवढ्यात फोन कटला. का गं? घाबरलीस?

सत्यशीला : सुकन्या, ती आली की मी बोलणार नाही. तूच बोल तिच्याशी.

सुकन्या : हे काय आता नवीन?

सत्यशीला : नवीन नाही. भूकंप झाल्यावर मी नि शिवप्पा खिचडीची भगुणी घेऊन गेलो तिथं. पत्र्याच्या शेडमध्ये ही बसलेली. नवरा तेवढा वाचला होता; घरातली बाकीची माणसं गेल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. मला बघितलं नि म्हणाली, "मुकी भागी आली." जत्रेत दर साली लागायचा तो पिक्चर. तिला वाटलं, मी खरीच मुकी. माझा हात धरला आणि बोलायला लागली.

सुकन्या : मग तू सांगायचं ना.

सत्यशीला : तोंड उघडलंच होतं मी. पण मी बोलले असते तर ती थांबली असती. म्हणून मिटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एकीला आणलं. मग येतच राहिल्या. नवऱ्याला नाही, जावेला नाही, देवापुढंही काढलं नाही, ते बाया मला सांगायच्या. मुकी जाऊन कुणाला सांगणार? कुणी विचारलं की शिवप्पा म्हणायचा, "बाई बोलत नाहीत." संक्रांतीपर्यंत त्या गावात मी एक शब्द बोलले नाही.

सुकन्या : आणि इतक्या वर्षांत हे तू कुणालाच...

सत्यशीला : दार वाजतंय. उघड.

धुरपता : हाय का भागीबाई घरी? अगं बया! केस किती पिकले गं तुझे! ऱ्हाऊ दे, उठू नगं. भुईमुगाच्या शेंगा आणल्यात, भाजून. दात हाईत का खायला? हसतीय बघा कशी. हाईत वाटतं.

सुकन्या : मी हिची भाची, सुकन्या. पाणी घ्या.

धुरपता : घेते की. पोरी, ऐकू येतंय नव्हं हिला अजून?

सुकन्या : येतं. सगळं येतं.

धुरपता : तवा हिच्यापुढं एकदा तोंड उघडलं नि लई बोलाया लागले मी. माझा मालक वैतागायचा. म्हनायचा, भिंतीशी बोल जा. म्हनलं, भिंती ऱ्हायल्यात कुठं? मग हिच्याकडंच यायचे. अगं, पुढारी आले, बोलून गेले. म्हाराज आले, बोलून गेले. डाक्टर बी बोलायचाच. ऐकनारं ह्ये एकच मानूस आलं आमच्या गावात.

सुकन्या : शनिवारी याल ना नांदेडला?

धुरपता : तेच सांगाया आले. जीप भरून येनार हाव आमी. गौरम्मा बी हाय. ती भ्याली व्हती जरा. म्हनली, स्टेजवर बाईला कायबाय इचारतील, आपलं निघालं तर? तिच्या सुना, नातवंडं समदी संगं येनार. मी म्हनलं, येडी हायस का? मुकी बाई काय सांगंल? तिच्या पोटात पडलं ते पडलं. तवा कुठं तयार झाली.

सुकन्या : काळजी करू नका म्हणावं त्यांना.

धुरपता : चालते मग. यष्टी जाईल. भागे, हात दे जरा. किती गार पडलाय गं. जप जिवाला.

सुकन्या : गेल्या, मावशी. पुस डोळे. बोल आता.

सत्यशीला : शनिवारचं बदलावं लागेल.

सुकन्या : किल्लारीचं नावच काढायचं नाही. नुसत्या नाटकांवर बोलू.

सत्यशीला : मी माईकवर नुसतं नमस्कार म्हटलं तरी गौरम्माला कळेल. शेजारी सुना बसलेल्या असतील तिच्या.

सुकन्या : समजावून सांगू. तू काही वाईट केलं नाहीस.

सत्यशीला : भरल्या सभेत समजावणार? बाई, ज्या पोटात ठेवलंस त्याला तोंडही होतं, असं? त्यानंतर झोप लागेल तिला?

सुकन्या : आणि तुझं काय? जन्मभर म्हणत आलीस, एकदा लोकांनी माझा आवाज ऐकावा. म्हणून मी वर्षभर ह्याच्या-त्याच्या पाया पडले. आता तू तिथं जाऊन पुन्हा मुकी बसणार? पेपरात येईल, भागीचा सत्कार. त्याखाली दुसरी ओळ नसेल.

सत्यशीला : नसू दे.

सुकन्या : तुला काहीच वाटत नाही?

सत्यशीला : वाटतं. लई वाटतं. पण त्या बाया त्यांचं सगळं माझ्यापाशी ठेवून गेल्यात गं.

सुकन्या : साक्ष कोण म्हणणार मग?

सत्यशीला : तू. विंगेत बसून पाठ झाली होती तुझी, परकरात असताना.

सुकन्या : मला तुझ्यासारखं जमायचं नाही.

सत्यशीला : तुझ्यासारखं म्हण. त्या आईएवढी झालीस आता. मी शेजारी बसते. चुकलीस तर डोळ्यांनी सांगेन. तेवढं मला येतं.

सुकन्या : शिवप्पाकाका म्हणायचे, सत्यशीलाचं सगळ्यात चांगलं काम कुणी बघितलंच नाही. मला वाटायचं, एखाद्या बंद पडलेल्या नाटकाचं बोलतात.

सत्यशीला : असं म्हणायचा? मला कधी म्हणाला नाही.

सुकन्या : मावशी, एक विचारू? गौरम्मा एवढ्या कशाला भितात? काय सांगितलं होतं त्यांनी तुला?

सत्यशीला : ...

सुकन्या : मावशी?

सत्यशीला : ...

सुकन्या : बरं. साक्ष कुठून सुरू होते, तेवढं सांग.