लोरेनबाईंच्या निरोपाला सातव्या माणसाचे दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि गेली सत्तावीस वर्षं आपली गावसभा हाकणारे आदरणीय क्लिफर्डकाका; व्यासपीठावर, म्हणजे जोडलेल्या त्या दोन टेबलांमागे, विराजमान झालेले आपल्या गावमंडळाचे प्रमुख माननीय क्रेग स्टॉडर्डसाहेब; आजच्या सत्कारमूर्ती, टार्बेल गावच्या चिटणीस लोरेनबाई पेल्टियर; 'तीन मिनिटांत आटप' अशी तंबी देऊन पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेली माझी धर्मपत्नी बर्निस; आणि मेपलच्या झाडांचा गोड रस चुलाणावर तसाच उकळत ठेवून, घोटाभर चिखल तुडवत इथवर आलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो!

आज आपल्यासाठी बंबवाल्यांनी आपला बंब बाहेर थंडीत उभा केला आणि हा हॉल मोकळा करून दिला, त्याबद्दल त्यांचे आधी आभार. आग लागली तर बंब आधीच बाहेर आहे, तेवढीच सोय.

मंडळी, मला भाषण येत नाही. मी ट्रॅक्टर आणि बर्फ ढकलणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस. पण आज माझी छाती अशी धडधडतेय, की हा माइक नसता तरी तुम्हाला ऐकू आलं असतं. का, ते सांगतो. बर्निस, घड्याळ ठेव खाली.

लोरेनबाईंबद्दल काय बोलावं? एकतीस वर्षं! आपले जन्म, लग्नं, मृत्यू, जमिनी, कुत्र्यांचे परवाने, सगळं त्यांच्या हातून गेलं. आणि मतदारांची यादी. ती यादी त्यांनी देव्हाऱ्यातल्या देवासारखी जपली. दोन वर्षांपूर्वी मंडळाने त्यांना सांगितलं, की खाणीजवळच्या पत्र्याच्या घरांत राहणारी सोळा माणसं खरी गावची नाहीत, त्यांची नावं कापा. कोणी सांगितलं, ते मी सांगणार नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांचा मान राखला पाहिजे. (क्रेग, पाणी पी.) बाईंनी काय केलं? गाडी काढली आणि सोळाही दारं ठोठावली. प्रत्येक घरी कॉफी घेतली. परत आल्या आणि मंडळापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "सोळाही जण राहतात. एकाचा कुत्रा मला चावला, म्हणजे तोही तिथेच राहतो. कापायचं असेल तर कायदा दाखवा." कायदा कुठला दाखवणार? नावं राहिली.

पण चावलेलं विसरत नाही माणूस. बाई कुत्र्याचं विसरल्या, मंडळ मात्र बाईंचं विसरलं नाही. यंदाच्या मार्चच्या गावसभेत नववा ठराव आला: चिटणीस यापुढे गावाने निवडायचा नाही, मंडळाने नेमायचा. किती साधं वाक्य! दीड ओळ! माझ्या शेजारी बसलेला म्हणाला, "कारभार सोपा होईल." अहो, होईलच ना! मंडळाचा माणूस मंडळाची यादी करणार, मंडळाची मतं मोजणार. याहून सोपं काय असतं?

आता मी कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या गॅरेजमध्ये सकाळी सात वाजता स्टोव्हभोवती जी सभा भरते, तिचा मी तहहयात अध्यक्ष. रेडिओवर राजधानीच्या बातम्या लागल्या, की माझा आवाज चढलाच म्हणून समजा. "लोकशाही चालली! न्यायालयं वाकली! आपण मेंढरं झालो!" रोज! त्यापायी दोनदा कॉफी सांडली आणि एकदा एका गिऱ्हाइकाची बॅटरी उलटी जोडली. राजधानी इथून सातशे किलोमीटर लांब. तिथल्या माणसाला शिव्या घालायला काय लागतं हो? तो काही माझ्याकडे गाडी आणत नाही.

क्रेग आणतो. गावसभेच्या आदल्या आठवड्यात तो आला, स्टोव्हजवळ बसला, डोनट खाल्लं आणि म्हणाला, "वेंडेल, गावाच्या गाड्यांच्या दुरुस्तीचं कंत्राट यंदा नव्याने काढायचंय बरं का." एवढंच. धमकी? छे! आम्ही दोघं एका बाकावर शिकलोय, धमकी कशाला देईल? तो फक्त म्हणाला, आणि जाताना स्टोव्हमध्ये एक लाकूडही टाकून गेला.

मग सभेचा दिवस. ठराव वाचून झाला. क्लिफर्डकाका म्हणाले, "हात वर करून मत घेतोय." आणि मंडळाच्या बाजूचा एक जण फोन घेऊन खिडकीशी उभा राहिला. कोण कुठे हात वर करतो, ते टिपायला. कोणाच्या रस्त्यावरचा बर्फ आधी काढायचा आणि कोणाचा दुपारी, हे मंडळ ठरवतं. हॉलमध्ये सगळ्यांना एकदम आपापले बूट बघावेसे वाटले.

तेव्हा लोरेनबाई नाही, माझी ही बर्निस उठली. "काका, चिठ्ठीवर मत घ्या." काका म्हणाले, "नियम माहीत आहे, बर्निस. सात मतदारांनी उभं राहून मागितलं, तर गुप्त चिठ्ठी. नाहीतर हात." म्हणजे बघा गंमत: लपून मत द्यायचं, तर आधी सात जणांनी न लपता उभं राहायचं. दुसरा उठला. तिसरी उठली. खाणीजवळच्या घरांतले दोघं उठले. सहावी शाळेच्या बसची ड्रायव्हर. सहा झाले. काका थांबले. घड्याळ टिकटिकतंय, फोनवाला फोन फिरवतोय, आणि सातवा काही उठेना.

मी बर्निसशेजारी बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, बायको बघत नाही तेव्हा जास्त भाजतं. मला तिथे बसवेना. स्वयंपाकघरात बायकांनी डोनट तळायला घेतली होती, वास येत होता. म्हटलं, आपण जरा आत जाऊन येऊ, तोवर काय व्हायचं ते होऊन जाईल. आणि मी उठलो.

"सात!" काका ओरडले. हॉलमध्ये टाळ्या!

होय मंडळी, हे तुमचे सातवे वीर. डोनट आणायला निघाले होते. हसा, हसा! महिनाभर तुम्ही माझ्या पाठीवर थापा मारल्यात, आता जरा हसून घ्या.

पण लोरेनबाईंना फसवणं सोपं नाही. ठराव त्यांच्याच पदाचा होता, तरी त्या कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी पेन्सिल थांबवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "वेंडेल, तू उभा आहेस, की निघालायस? मला खरं लिहायचंय." बाई, तुमचंच पद जात होतं! मुकाट्याने 'सात' लिहिलं असतं, तर कोणी विचारलं असतं? क्रेग बघतोय. बर्निस आता बघतेय. मी म्हणालो, "उभा आहे."

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही सगळीकडे सांगता. इथून पुढची कोणालाच माहीत नाही. बर्निस, तुलाही नाही.

पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. मी आडोशाला गेलो. हातात पेन्सिल, कोणी बघत नाही, आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. उभा राहिलो, गाव खूश. आता ठराव पास झाला, की क्रेगही खूश, कंत्राट शाबूत. दोन्ही डगरींवर हात! आणि मी लिहिलं: 'होय'. घडी घातली, पेटीत टाकली, बाहेर आलो आणि डोनट खाल्लं.

निकाल आठवतोय? अठ्ठावन्न विरुद्ध छप्पन्न. ठराव पास, आणि मंडळ काही बाईंना नेमणार नव्हतं. क्लिफर्डकाका, तुम्हीच सांगा, माझी एक चिठ्ठी उलटी असती तर? सत्तावन्न-सत्तावन्न. बरोबरी झाली, की ठराव पडतो. लोरेनबाई आज इथे निरोपाला नाही, नेहमीसारख्या कॉफी वाढायला असत्या.

कोण म्हणालं ते, मागून? हो, नालायक! बरोबर बोललास, पुढे येऊन बोल. बर्निस काय म्हणतेय? "गाडीची चावी दे, तू चालत ये." ही घे चावी. चिखलातून साडेपाच किलोमीटर जातो, हक्काची शिक्षा आहे.

पण चावी दिली म्हणून खाली बसत नाही मी! अजून मुद्दा यायचाय. हा कागद बघा. फेरमतदानाची मागणी. निकालापासून तीस दिवसांच्या आत तीस मतदारांनी सह्या केल्या, तर तोच ठराव पुन्हा गावापुढे येतो. सभेच्या दुसऱ्याच दिवशी मी हा अर्ज आणला. तुम्ही विचारत होतात, "वेंडेल, त्या कागदाचं काय?" मी म्हणायचो, "चालू आहे, चालू आहे." काय चालू होतं? गॅरेजच्या खणात, स्पार्क प्लगखाली पडला होता. सह्या किती? शून्य! सगळं गाव सातव्या माणसाच्या भरवशावर निवांत, आणि सातवा माणूस गाड्यांच्या कंत्राटाच्या भरवशावर. असंच होतं बघा सगळीकडे. राजधानीतही असंच होत असणार. लोकशाहीवर दरोडा पडत नाही, प्रत्येकाला वाटतं की कागद दुसऱ्याकडे आहे.

उद्या तिसावा दिवस. उद्याच लोरेनबाईंचा कामाचा शेवटचा दिवस. हा कागद त्यांच्याच खिडकीत द्यायचा, ती पाच वाजता बंद होते, आणि एकतीस वर्षांत ती पाच वाजून एक मिनिटापर्यंत कधी उघडी राहिली नाही. माझ्यासाठीही राहणार नाही. या हॉलमध्ये आत्ता सत्तर-ऐंशी माणसं आहेत. मंडळी, तीसच लागतात! तीस! अहो, मघाशी जेवणाला बीन्सच्या रांगेत याहून जास्त उभे होतात!

पहिली सही माझी. क्रेग, नीट बघ, फोनवाल्याला बोलव हवं तर, या बाजूने चेहरा चांगला येतो. कंत्राट काढ, दे कोणालाही. पण त्याला सांग, तीन नंबरच्या गाडीचा क्लच हळू सोडावा लागतो. तुझ्यावर राग नाही रे माझा. तू फक्त म्हणालास. ऐकलं मी.

काय म्हणालात, बाई? "खाली नाव सुटं लिही, तुझी सही एकतीस वर्षांत एकदाही वाचता आली नाही." लिहितो. वें-डे-ल. आलं वाचता? नाही, तुमची सही नको, तुम्ही अर्ज घेणाऱ्या, तुम्ही लांबच बसा. हे पेन मी कॉफीच्या भांड्याशेजारी ठेवतोय, दोरीला बांधून. अरे वा, बसच्या ड्रायव्हरबाई उठल्या! बर्निसही उठली! माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये, पण उठली. अहो रांग लावा, रांग!

लोरेनबाई, तुम्ही आमच्या मतांवर एकतीस वर्षं पहारा दिलात, आणि मी तुम्हाला एका पिवळ्या चिठ्ठीने घरी पाठवलं. तुमचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो. अध्यक्षांचे आभार, बंबवाल्यांचे आभार, बीन्स रांधणाऱ्या बायकांचे आभार. शेवटी क्षमा मागायची रीत आहे. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मान कमीजास्त झाला असेल, वेळ खाल्ला असेल, ते सगळं पोटात घाला ही हात जोडून विनंती. ती दुसरी, मोठी चूक मात्र एवढ्यात माफ करू नका. उद्या पाच वाजेपर्यंत थांबा.