पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ

दातांच्या दवाखान्यात खुर्च्या सहा होत्या आणि माणसं तीन. दाढ धरून बसलेल्या तरुणीशेजारी एक वहिनी आणि त्यांचे दीर होते. वहिनी मुलांच्या फुटबॉलवर मासिक काढणार होत्या. दीर मुलांच्या संघाचे प्रशिक्षक. ऐकता ऐकता तरुणी दाढ विसरली.

“मुखपृष्ठावर माझीच पोरं हवीत, वहिनी. शब्द देऊन बसलोय त्यांना.”

“मला गोल झाल्यावर उड्या मारणारी मुलं हवीत, भाऊजी. तुमची कधी मारतात?”

“समोरच्यांचा नेम चुकला की!”

“अख्ख्या मोसमात एक तरी गोल?”

“दोनदा खांबाला लागलाय.”

“मग खांबाचाच फोटो छापते.”

“घरच्या माणसाला इतकं तोडून बोलू नये.”

“बरं, रविवारी तुमच्या नावावर एक गोल लागू दे. मुखपृष्ठ तुमचं.”

“कोणी मारायचा, ते नाही बोललात हं!”

“चेंडू जाळ्यात गेला म्हणजे झालं.”

रविवारी तरुणी सुजलेला गाल घेऊन मैदानावर गेली. सामना नऊ विरुद्ध एक असा संपला. तो एक गोल समोरच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून झाला. वहिनींनी त्याच क्षणी फोटो काढला. त्यात अकरा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक, असे बारा जण हवेत अधांतरी होते.