पंखा बंद, रक्त नापास

थोरली : माझ्या छातीचं वाटोळं तुमच्या कंपनीनं केलं, डॉक्टरसाहेब, आणि दोष टाकताय माझ्या आईबापावर.

डॉक्टर : दोष नाही हो, बाई. अनुवंश. जनुकांची तपासणी झालीय. आम्लाची वाफ तुम्हाला जन्मतःच सोसत नाही. सोमवारपासून येऊ नका. तुमच्याच भल्यासाठी.

थोरली : मुलाम्याच्या खात्यातला वाफ ओढणारा पंखा बंद पडला, तेव्हा कुठं होतं हे भलं?

डॉक्टर : पंख्याचा इथं संबंध नाही.

थोरली : पंखा थांबला आणि खोकला लागला. तोवर जनुकं काय झोपली होती?

डॉक्टर : निसर्गानंच माणसं वेगवेगळी घडवलीत. आम्ही मात्र भेदभाव करत नाही. सगळ्यांना एकच तपासणी.

थोरली : मालकांचं रक्त घेतलंत?

डॉक्टर : ते आम्लाच्या टाकीजवळ जात नाहीत. आता या तुमच्या धाकट्या बहिणीचं बघा. रक्त अव्वल. हिला वाफ बाधणार नाही. तुमची टाकीही हीच सांभाळेल.

धाकटी : दोन्ही टाक्या? आणि पगार?

डॉक्टर : तोच. समानता नको का?

धाकटी : ताई, सांगून टाकू?

थोरली : सांग. लपवून कोणतं पदक मिळणार आहे?

धाकटी : साहेब, मला सुईची फार धास्ती. नुसती दिसली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माझी पाळी आली तेव्हा ताईच परत जाऊन बसली. दुसरा हात पुढे केला.

डॉक्टर : म्हणजे?

थोरली : म्हणजे दोन्ही बाटल्यांत रक्त माझंच. डाव्या हाताचं नापास, उजव्याचं अव्वल. आई एक, बाप एक, जनुकं मात्र हातागणिक वेगळी.

डॉक्टर : ही फसवणूक आहे. दोघींनाही काढता येईल.

थोरली : काढा की. कारण काय लिहाल? रक्त, की हात?

डॉक्टर : प्रयोगशाळेत काही गोंधळ झाला असेल.

थोरली : गोंधळ कसला? खोकणारी जुनी नापास, गप्प बसणारी नवी पास. त्याला बाटली उघडावी लागत नाही.

धाकटी : ताई गेली तर मी त्या टाकीवर उभी राहणार नाही, साहेब.

डॉक्टर : हळू बोला. बाहेर माणसं बसलीत.

थोरली : आमच्याच खात्यातली. त्यांनीही रक्त दिलंय. दार उघड गं.

(धाकटी दार उघडते. बाहेर कुणीतरी खोकतं, मग आणखी कुणीतरी.)

थोरली : आता यांच्यासमोर सांगा. पंखा कधी लावताय?