केतकीला मलिंगार का सोडावं लागतंय

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉ. विजयालक्ष्मी पाटणकर, खास ड्रोहेडाहून आलेले प्रमुख पाहुणे श्री. सुभाष केळुसकर, सत्कारमूर्ती केतकी गुरव, तिचे यजमान निमिष, आणि रविवारची झोप मोडून या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या मलिंगारकर बंधुभगिनींनो,

मी शर्वाणी कुलथे, मंडळाची चिटणीस. थोडक्यात बोल आणि गोड बोल, असं मला बजावण्यात आलं आहे. थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करते.

निमंत्रणावर छापलंय, ‘कॉर्कला बढतीवर जात असल्याबद्दल सत्कार.’ अध्यक्ष महोदया, जिला इथून घालवून दिलं, तिच्या जाण्याला आपण बढती कधीपासून म्हणायला लागलो?

नवीन आलेल्यांसाठी सांगते. केतकीनं पुण्यात अनेक वर्षं बसच्या बॅटऱ्यांवर काम केलं. इथं आल्यावर तिला एका ट्रेनिंग सेंटरमध्ये नोकरी मिळाली. जन्मभर डिझेलच्या गाड्या दुरुस्त केलेल्या मेकॅनिकांना इलेक्ट्रिक गाडी उघडायला शिकवायचं, हे तिचं काम. या एवढ्याशा आयरिश बेटावर विजेच्या गाड्या याव्यात असं सरकारला वाटतं. मलाही वाटतं, मी स्वतः विजेचीच चालवते. पण चार्जर बसवला की साहेब लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. माणूस नीट शिकला, तर त्याचा फोटो कोण काढतो?

केतकी खऱ्या गाडीवर शिकवायची. रबरी मोजे घाला, वीज तोडा, थांबा, मीटर लावून खात्री करा, मगच हात लावा. तिचं समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा. सेंटरला मात्र पास झालेल्यांचे आकडे हवे होते. त्यांनी गाडीवरचं काम काढून टाकलं आणि घरी बसून बघायचे व्हिडिओ सुरू केले. केतकी भांडली. सेंटरचे साहेब हसून म्हणाले, “केतकी, यू आर ग्रँड. पण या लोकांना गाड्या कळतात गं.”

ती म्हणाली, “कळतात, म्हणूनच मला भीती वाटते. डिझेलची गाडी बंद केली की बंद असते. ही नुसती बंद दिसते.”

आणि आपण काय केलं? गणपतीच्या जेवणाला तिनं हे सगळं आपल्याला सांगितलं होतं. “कशाला नडतेस? आधी कामाच्या परमिटचं बघ,” असा सल्ला देणारे आज याच हॉलमध्ये आहेत. नावं घेत नाही. ज्यांना घसा कोरडा पडल्यासारखं वाटतंय, त्यांच्यासाठी मागे पाणी ठेवलंय.

पहिल्या रांगेत निमिषच्या शेजारी नोएल बसला आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या गाड्या त्याच्या गॅरेजात जातात. निमिष त्याच्या कानात भाषांतर करतोय. निमिष, आता काही गाळू नकोस.

नोएल ते व्हिडिओ बघून पास झाला. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे एक ठोकलेली इलेक्ट्रिक गाडी आली. त्यानं बॉनेटखालची छोटी बॅटरी सोडवली आणि गाडीत आता वीज नाही असं धरून चालला. मोठी बॅटरी तशीच जिवंत होती. पाना टेकला, भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

सेंटरनं चौकशीची बैठक बोलावली. नोएलला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी त्याला घेऊन गेले होते. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “शिकवणारी कमी पडली.” केतकीचा चेहरा उतरला. ती बोलायला उठणार, तोच नोएल उभा राहिला, हाताला पट्ट्या बांधलेल्या.

“ही बाई?” तो म्हणाला. “हिला मी आज पहिल्यांदा बघतोय. हिनं मला शिकवलंच नाही, हीच तर माझी तक्रार आहे.”

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. काय झालं? केतकीचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. साहेब आपल्या खुर्चीवर आहेत.

त्यानंतर केतकी नोएलच्या गॅरेजात गेली. म्हणाली, “हात बरे झाले की मी शिकवते.”

“आणि नाही झाले तर?”

“तरी शिकवते.”

दर शनिवारी तिथं वर्ग भरायला लागला. पहिल्यांदा नोएल एकटाच होता. मग त्याचे ओळखीचे आले, मग लाँगफर्डहून, ॲथलोनहून मेकॅनिक यायला लागले. ही बातमी कॉर्कच्या एका कॉलेजपर्यंत गेली आणि त्यांनी तिला बोलावलं, खऱ्या गाड्या देऊ म्हणून.

तेव्हा सेंटरला जाग आली. साहेबांचा फोन आला, परत ये, फक्त त्या अपघाताबद्दल बाहेर बोलायचं नाही. मी शेजारीच होते. केतकी शांतपणे म्हणाली, “मग मी शिकवू काय? माझा पहिला धडाच तो आहे.” आणि फोन ठेवला.

तर मंडळी, कॉर्कला ती शिकवणार, ही आनंदाची गोष्ट आहे. मलिंगारला ती नको झाली, ही लाजेची आहे. आनंदाच्या टाळ्यांत दुसरी गोष्ट बुडवू नका, एवढंच माझं मागणं. शनिवारचा वर्ग बंद पडणार नाही. यापुढे तो नोएल घेईल. गाडी कुठे दाखवायची हे ठरवताना, तुमचा मेकॅनिक त्या वर्गाला येऊन गेलाय का, हे आधी विचारा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाक सांभाळणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. केतकी, निमिष, नव्या घरी सुखात राहा.

मानपानात, बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. एक उणीव मात्र मी जाणूनबुजून ठेवली आहे. सेंटरनं आज सकाळी ‘अभिमानपूर्वक’ असं लिहून मोठा पुष्पगुच्छ पाठवला. तो मी व्यासपीठावर येऊ दिला नाही, बाहेर गाड्या लावतात तिथं ठेवलाय. त्याबद्दल मंडळानं मला जरूर जाब विचारावा. क्षमा मी मागणार नाही.