ग्रिलच्या ओट्यावरची तुळस

माझ्यासमोर ग्रिलचं नाव काढू नका. उलव्याच्या रो-हाउसमागे मी हौसेनं फरशी घातली आणि मधोमध विटांचा चौकोनी ओटा बांधून घेतला, वर कोळशासाठी खळगा ठेवून. रविवारी मित्र मसाला लावलेलं चिकन घेऊन आले, तर खळग्यात माती, मातीत तुळस आणि ओट्याला हळदी-कुंकू.

“आई, हे काय?”

“अरे, एवढं छान वृंदावन बांधलंस, ते रिकामं कसं ठेवायचं?”

मित्रांनी गुपचूप चपला काढल्या. एकानं तर हातही जोडले. आता लावलेली तुळस उपटणार कोण? शेवटी चिकन घरात तव्यावरच भाजलं.

आई म्हणाली, “मागचं दार लाव आधी. तुळशीपर्यंत वास जाईल.”

मी दार लावलं. तिनं ताट पुढे केलं.

“हां, आता मला लेग पीस वाढ.”