वाळू सांडलेला फोटू

— न्हाई न्हाई, द्या की तुमचं पाकीट जरा, लगीच देतो परत. आवं, पाकिटावरचं सातारचं नाव बघूनच तुमच्याशेजारी येऊन बसलो. आमीबी तितंच काढला सीटी स्कॅन, गेल्या आठवड्यात, नातीच्या पोटाचा. तितं मशीन चालवतोय त्यो दिग्विजय — माझा सख्खा भाचा हाय. आमी रहिमतपूरचं. हां, आता धरा ह्यो तुमचा फोटू खिडकीच्या उजेडाला. बघा कसा गुळगुळीत, समदं येगळं येगळं दिसतंय. आन आता ह्यो आमच्या अंकिताचा बघा — दिसतंय काय? नुस्ती वाळू सांडल्यावानी खरखर! मशीन तेच, मानूस त्योच. परक्याला चांगला आन घरच्याला असला. लय लागलं हो मनाला.

दाजी गेलं तवा बहिणीला आन त्याला मीच घरी आनलं. माझ्या पोराच्या ताटात जेवलाय त्यो. पोरगीला मुतखड्याची कळ आली की गडाबडा लोळती, म्हनून इस्वासानं त्याच्याकडं नेली, तर ही तऱ्हा. इचारलं, असा का रं काढलास? तर म्हंतोय, मामा, पोरगी कवळी हाय, अंगानं बारीक, तिला खडं सारखं व्हत्यात, परत परत स्कॅन करावा लागंल, किरणं अंगाला बाधत्यात, म्हनून कमी सोडली. खडा दिसतोय न्हवं, मग बास. — बास कसं? खडा दिसतोय, व्हय, ह्यो बघा पांढरा ठिपका, दाक्तरबी तेच म्हनलं, औशिद द्या, पानी पाजा, पडंल. पर फोटूच असला म्हनल्यावर दाक्तरावर तरी इस्वास कसा ठेवायचा? तुमीच सांगा.

म्हनून आनली हितं सांगलीला, कुनाला न सांगता. तिचा बाप मिलिट्रीत, पठाणकोटला. फोनवर म्हनला, आबा, दिगू म्हंतोय तसं करा. घ्या! पोरगीबी वाटंत तेच — आबा, दिगूकाका मला कशाला फशीवल? गप बस म्हनलं. हितं खिडकीवरच्या बाईनं इचारलं, आधी कवा काढलाय का, तर न्हाई म्हनून सांगितलं. आवं, व्हय म्हनलो असतो तर त्योच जुना आना म्हनली असती, आन तेवढ्यावरच भागवलं असतं! पाकीट पिशवीत पार तळाला घातलं, वर तिचा टावेल. आन आतल्या मानसाला बजावलं, एकदम पष्ट काढा, काय बी कमी करू नका. ती आतच हाय आता. झोपवली असंल मशीनवर.

काय म्हनलासा? तुमालाबी बोलला दिगू? — तुमचं वय झालंय, लिव्हरात बारकी गाठ हुडकायची हाय, ती खरखरीत दडून बसंल, म्हनून किरणं जास्त सोडतोय… बरं. — आन? मग तुमी त्याला काय इचारलं? — तुमच्या नातवाला असलं चाललं का, असं इचारलं. मग? काय म्हनला?

"माझ्या घरातल्या पोरीला मी येवढी किरणं कवाच सोडनार न्हाई" — असं म्हनला? नीट आठवून सांगा. माझ्या घरातल्या, ह्येच म्हनला का?

…फोन वाजतोय. त्याचाच. सकाळपास्नं करतोय, मी उचलला न्हाई. कळलं असंल त्याला. — न्हाई, आता उचलून काय बोलू? थांबवा म्हनून कुनाला सांगू? मीच तर मगाशी सांगून आलोय, कमी करू नका म्हनून.

त्यो मशीनच्या खोलीच्या दारावरचा दिवा — मगाशी लाल न्हवता न्हवं?

द्या माझं पाकीट इकडं. आन तुमी जावा तिकडच्या बाकड्यावर. जावा म्हनतो न्हवं.