सकाळी आठला जोडलेला कॉम्प्युटर

कारंजा लाडच्या स्टँडवर योगिनी इंझोरीच्या एसटीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर कुठल्याशा ऑफिसातले दोघे बोलत होते. कॉम्प्युटर सांभाळणारा संघपाल आणि झाडलोट करणारी लिलाबाई. योगिनीने पुस्तक उघडलं खरं, पण पान काही उलटलं नाही.

“मावशी, सकाळपासून गप्प काहून हाय?”

“विनोदचं फोल्डर उघडत नाही रे बाबू.”

“कोनतं?”

“दारापासच्या कॉम्प्युटरवर दिसे ते. आपल्या हापिसात कामाले होता तवा फारम कसा भराचा, ते बोलून ठेवलं होतं माह्या पोरानं. तो वारला त्याच्या आंधी.”

“ते शेअरिंग, म्हंजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडनं, मीच बंद केलं, मावशी. लिनक्सच्या सर्व्हरवर, हापिसच्या मुख्य कॉम्प्युटरवर, जे कामाचं नाही ते बंद करा, असा हुकूम आला. आठ दिवस पाह्यलं मी, कोन वापरून राह्यलं म्हून. रोज सकाळी आठले त्या फोल्डरले एकच कॉम्प्युटर जोडल्या जाये. आठले हापिसात कोन राह्यते? मले वाटलं, चोर घुसला.”

“आठले मी झाडाले येतो ना.”

“मी साऱ्या टेबलांवर इचारलं होतं, मावशी.”

“मले नाही इचारलं.”

एक एसटी आली, गेली. योगिनीची नव्हती.

“चुकलं माहं. आवाज हाये अजून सर्व्हरवर. उद्या तुमच्या मोबाईलमंदी टाकून देतो.”

“मोबाईलमंदी नोको.”

“काहून? घरी केव्हाबी ऐकता येईन.”

“घरी तो नाही, हे मले मालूम हाये रे. हापिसात आवाज ऐकला की वाटे, पोरगा कामावर आला हाये.”